हणमंताच्या चपला

संध्याकाळची प्रार्थना संपली की हणमंताच्या चपला आपल्या खणातून उतरत आणि दारू प्यायला जात.

व्यसनमुक्ती केंद्रात माणूस दाखल झाला की आधी त्याच्या चपला काढून घेतात, पळून जायची सोय राहू नये म्हणून. दाराजवळच्या मांडणीत प्रत्येकाचा एक खण असतो. खण रिकामा असेल तर माणसाला घरी सोडत नाहीत. हणमंत वायरमन होता. विजेच्या खांबावर कधी घसरला नाही, जमिनीवर मात्र रोज पडायचा. इथे आल्यापासून त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. हातांची थरथर थांबली होती, जेवण जात होतं. चपलांनी मात्र काही मनावर घेतलं नव्हतं. फाटकाबाहेर पडायच्या, कोपऱ्यावर उजवीकडे देशीच्या दुकानाकडे वळायच्या आणि सकाळी खणात पालथ्या पडलेल्या असायच्या. डावीकडचा रस्ता हणमंताच्या घराकडे जात होता. तिकडे त्या ढुंकूनही बघत नसत.

“माणूस लवकर सुधारतो,” शेंडगे सर म्हणाले. “चपलांना वेळ लागतो.”

सर तिथले समुपदेशक. स्वतः एकेकाळचे अट्टल पिणारे. त्यांच्या चपला जागच्या हलत नव्हत्या, त्यांच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. सर अनवाणीच वावरत.

हणमंताला घरी जायचं होतं. लेक तेजू त्याच्याशी बोलायची बंद झाली होती. तिच्या तोंडून एकदा ‘पप्पा’ ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

मग एका संध्याकाळी चपला डावीकडे वळल्या. सकाळी परतल्या तेव्हा तळाला रांगोळी लागलेली होती. हणमंताचा आनंद गगनात मावेना. तो दिवसभर येईल त्याला ती रांगोळी दाखवत सुटला.

भेटीच्या रविवारी बायको सुलभा शेंगांच्या पोळ्या घेऊन आली. एकटीच.

“चपला येतात का गं घरी?”

“येत्यात की. रोज दिवेलागणीला.”

“मग?”

“आधी भ्या वाटलं. दार लावून बसलो. पण दंगा न्हाई, शिवीगाळ न्हाई. आता आत घेतो. तेजू त्यांच्याशेजारी बसून अभ्यास करती.”

“बोलते त्यांच्याशी?”

“लई. पप्पा म्हणती त्यास्नी.”

हणमंताने पोळीचा तुकडा मोडला. तो तसाच परत डब्यात ठेवला.

“आता मीच येतो. सर सोडतो म्हणालेत.”

सुलभाने डब्याचं झाकण लावलं. “घाई कशाला करताय? बरं चाललंय आमचं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचंच हणमंताला फार वाईट वाटलं.

सुटकेच्या दिवशी दुपारी गोड चहा झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हणमंत पिशवी घेऊन मांडणीपाशी गेला. खण रिकामा होता. आदल्या संध्याकाळी गेलेल्या चपला परतल्याच नव्हत्या. त्याने ऑफिसातून घरी फोन लावला. तेजूने उचलला. मागे फरशीवर सावकाश चटचट आवाज येत होता.

“कोण बोलतंय?”

“तेजू, मी पप्पा.”

“पप्पा तर घरात हायेत,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शेंडगे सर दारात उभे होते. “खण रिकामा आहे, हणमंत. सोडता येणार नाही.”

“खणात काहीतरी असलं म्हणजे झालं ना, सर?”

“झालं.”

हणमंताने मांडणीसमोर बाक ओढलं, त्यावर बसला आणि दोन्ही पाय उचलून खणात ठेवले. बरोब्बर मावले. सरांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

संध्याकाळची प्रार्थना संपली. पाय खणातून उतरले, पायरीवर क्षणभर घुटमळले आणि अंगण ओलांडून फाटकाबाहेर पडले. हणमंत बाकावरच बसून राहिला. शेंडगे सर त्याच्या शेजारी येऊन बसले.

पाय कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले.