आग्लायाची दांडी

मी एक जुनी दांडी आहे, मित्रांनो. उंच उडीसाठी दोन खांबांवर आडवी ठेवतात ना, तीच. व्होल्गाकाठच्या आमच्या गावात कापडगिरणी आहे. तिच्याच दुरुस्तीच्या कारखान्यात हलक्या धातूची नळी कापून मला घडवलं आणि तांबडे-पांढरे पट्टे दिले.

मी क्रीडागृहात आले तेव्हा आग्लाया लाजरी, लांब पायांची शाळकरी मुलगी होती. ती मला रोज पाडायची. तिचे शिक्षक रोडिओन येफिमोविच मला उचलता उचलता म्हणायचे, "बाई, आईचा गिरणीतला माग मोडलास तरी चालेल, माझी दांडी नको मोडूस." ती हसायची आणि पुन्हा मागे जाऊन उभी राहायची.

हळूहळू मी वर चढत गेले, आणि माझ्याबरोबर तीही. वर्तमानपत्रात तिचे फोटो येऊ लागले. गावातल्या मुली तिच्यासारखी वेणी डोक्याभोवती गुंडाळू लागल्या. पावाच्या रांगेत बाया तिला पुढे ढकलायच्या. एखादी कुरकुरली तर दुसरी म्हणायची, "तिला सरावाला जायचंय. तुला कुठं उडायचंय?"

मग तिचा घोटा दुखावला. ती बरी झाली, पण राजधानीतले लोक म्हणू लागले, हिचे दिवस संपले. देशाच्या संघात राहायचं तर आमच्याच क्रीडागृहातल्या स्पर्धेत ठरलेली उंची पार करायला हवी होती. तीन उड्या मिळणार होत्या.

त्या दिवशी सगळी गिरणी तिथे लोटली. आग्लाया धावू लागली की बाया टाळ्यांचा कडकडाट करायच्या. जन्मभर मागांच्या खडखडाटात राहिलेल्या त्या. आवाजाने कुणाचं बिघडतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पहिल्या दोन्ही उड्यांना मी पडले.

रोडिओन येफिमोविच त्यांच्याकडे वळले. "बायांनो, पोरगी पावलांच्या आवाजावर धाव जुळवते. तुमच्या टाळ्यांत तिला स्वतःचेच पाय ऐकू येईनात."

सगळ्या चिडीचूप झाल्या. तेव्हा आग्लायाची आई क्लाव्दिया उभी राहिली. तीही विणकरीण. गिरणीच्या खडखडाटात या बाया हातांनीच बोलतात. तिने बोटं एकमेकांभोवती फिरवली आणि तळवा पुढे केला. म्हणजे, तुटलेला दोरा जोडलाय, माग चालू कर. तिच्यामागून साऱ्या बायांचे हात तसेच हलले. कुठे चकार शब्द नाही.

आग्लाया धावली. मला तिची सगळी पावलं ऐकू आली. ती माझ्यावरून गेली, टाच ओझरती लागली, मी थरथरले आणि खांबांवरच राहिले. मित्रांनो, दांडी कुणाची बाजू घेत नाही. ती उडी तिचीच होती, आणि ती माझ्यावरून झाली याचा मला आजही अभिमान वाटतो.

"आता करा काय गोंगाट करायचा तो," रोडिओन येफिमोविच म्हणाले. छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

पुढे तिने परदेशांत पदकं मिळवली. ती नव्या दांड्यांवरून. त्या लवचीक असतात. मी इथेच, लहान मुलींच्या सरावापुरती, भिंतीला टेकून असते. मुलं माझ्यावर ओले हातमोजे वाळत घालतात. त्याचं मला काही नाही. फक्त मला उभी टेकवू नका, जमिनीवर सपाट ठेवा. टेकून टेकून मी मधे वाकेन, खांबांवरचा आकडा खोटा ठरेल, आणि मग माझ्यावरून उडी मारणाऱ्या मुलीला आपण खरोखर किती उंच गेलो ते कधीच कळणार नाही.