पुसलेला शेरा

माझ्या नातीचं अक्षर मुंगीएवढं, म्हणून घरात तिला मुंगीच म्हणतात. तिने काहीही लिहिलं की ते पहिल्यांदा मी वाचायचं, असा आमच्याकडे नियम होता. म्हणजे तसं मी धरून चाललो होतो. तिला कधी विचारलं नव्हतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बावीस वर्षं मी दर शनिवारी लेखनाचा वर्ग घेतो आहे. मुलं वह्या देतात, मी त्या घरी नेतो, समासात पेन्सिलीने शेरे लिहितो आणि पुढच्या शनिवारी परत करतो. पेन्सिल अशासाठी की आपलंच चुकत असेल, ही शंका मला कधी सोडत नाही. एकेका शेऱ्यावर तीन-तीनदा खोडरबर फिरतं. कागद झिजतो, पण पुसलं की पुसलं.

यंदा शेजारच्या खोलीत एका तरुण बाईंनी लेखनाचाच वर्ग सुरू केला. तिथे वह्या नाहीत. मुलं लॅपटॉपवर नाहीतर फोनवर लिहितात आणि एकाने लिहिलेली ओळ बाकीच्यांना तिथल्या तिथे दिसते. शेरेही तिथेच, कडेला. महिन्याभरात तिकडे गर्दी झाली आणि माझ्याकडे सहा मुलं उरली.

ग्रंथपाल माझा जुना मित्र. तो म्हणाला, "तुझ्या खोलीतल्या जास्तीच्या खुर्च्या तिकडे नेऊ का? नाहीतरी त्यांच्यावर धूळच बसते."

"ने की," मी म्हणालो. पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

मग एक दिवस मुंगी माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळायला लागली.

"आजोबा, रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावलोय?"

"रागावत नाही, पण दोन दिवस बोलत नाही. मी शेजारच्या वर्गात जाऊ? तुम्ही वही आठवड्याने देता. तोवर मी काय लिहिलं होतं तेच विसरते. तिकडे लिहिलं की लगेच कुणीतरी वाचतं."

"कुणीतरी म्हणजे?"

"सगळे. सव्वीस जण. तुम्हीही या ना, सत्ताविसावे!"

तिने गंमतच केली होती. मी हसलो आणि दोन दिवस बोललो नाही. तिने मात्र माझ्या नावाने मेल उघडून दिला, टॅबवर तिची फाईल लावून दिली आणि शेरा लिहायचा कसा तेही दाखवलं.

मंगळवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी फाईल उघडली. मुंगीने तिच्या आईवर, म्हणजे माझ्या सुनेवर लिहिलं होतं. सून इस्पितळात नर्स आहे. मुंगीने लिहिलं होतं, 'आई घरी आली की पाच मिनिटं चपला न काढता तशीच खुर्चीत बसते.'

मी त्याच घरात राहतो. हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या वाक्याच्या कडेला बाईंचा शेरा होता. 'इथे मी थांबले. ती पाच मिनिटं तू कुठे असतेस?'

बावीस वर्षांत माझ्या पेन्सिलीतून असा शेरा उतरला नाही. मी फार तर 'छान' लिहिलं असतं, नाहीतर 'अधिक खुलवावे'. माझा जळफळाट झाला. बाई वाईट शिकवत असत्या तर मला किती बरं वाटलं असतं! शेऱ्याच्या कोपऱ्यात बरोबरची एक खूण होती. तिच्यावर बोट ठेवलं तर काय होईल, असं वाटलं. नाही, खोटं कशाला लिहू? मुंगीने सांगितलं होतं काय होतं ते. शेरा निघून जातो.

मी बोट ठेवलं. शेरा गेला. मग त्याच वाक्याशी मी लिहिलं, 'या पाच मिनिटांत तू कुठे उभी असतेस, तेही येऊ दे.' बाई आठवडाभर बाहेरगावी होत्या. मुंगी शाळेतून आली की आधी माझंच वाचेल, असा हिशेब. त्या दिवशी मी चहा दोनदा घेतला.

 शनिवारी वर्गाआधी जिन्यात मुंगीने मला गाठलं.

"आजोबा, तो शेरा..."

"आवडला?"

"टीचरचा आवडला होता." ती पायरीकडे बघत होती. "शेरा लिहिला की आम्हाला मेल येतो. काढला तरी येतो. कुणी काढला, तेही असतं त्यात."

"तुला येतो?"

"सव्वीस जणांना येतो. टीचरनाही."

मी कठडा धरला. खोडरबर फिरवलं की पुसलं, असं धरून चालणारा मी! चोरी केली आणि सव्वीस घरी सही करून पाठवली. तेवढ्यात बाई वर आल्या. पळायला जागा नव्हती.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमचा शेरा जास्त बरा आहे. मी नुसतंच 'कुठे असतेस' विचारलं. तुम्ही तिला उभं केलंत."

त्या चेष्टा करत नव्हत्या. म्हणजे मोठेपणासुद्धा त्यांच्याकडेच. चेष्टा केली असती तर रागवायची तरी सोय होती.

बाई आत गेल्या. मी मुंगीला म्हणालो, "गेलेला शेरा परत आणता येतो?"

"येतो."

"मला दाखव. बोट मीच ठेवणार."

तिने तिच्या फोनवर माझं मेलचं खातं उघडून दिलं. बाईंचा शेरा परत आला. त्याच्याखाली मी लिहिलं, 'हा शेरा बाईंचा. मी मत्सराने काढला होता.' 'मत्सराने' काढून टाकावं असं तीनदा वाटलं. तसंच पाठवून दिलं. शेजारच्या खोलीत एकापाठोपाठ एक फोन वाजले. कुणीतरी हसलं.

"आजोबा," मुंगी म्हणाली, "पहिलं वाचायला तुम्हाला आता नाही मिळणार."

"माहीत आहे."

"शेवटचं वाचाल? वर्गाचं पुस्तक निघतंय, त्यात छापायला देण्याआधी. तुमच्यानंतर कुणी नाही."

मी ते पेन्सिल घेऊन वाचलं. तिने छापून आणलेल्या कागदावर, दोन दिवस. खुर्चीत बसलेल्या आईसमोर आता ती पाण्याचा पेला घेऊन उभी होती. मी एका शब्दालाही हात लावला नाही. "जाऊ दे छापायला," म्हणालो.

पुस्तक आलं तेव्हा ते माझ्याकडच्या त्या कागदाशी ताडून पाहिलं. असली सवय माणसाला नसावी. माझ्यानंतर कुणीतरी एक शब्द बदलला होता.

कुणी, ते मी विचारलं नाही. शब्द बरा होता. म्हणजे, चांगला होता.