तेहतीसची खाच

पंचाने लोखंडी पट्टीची खाच सायकलच्या पुढच्या टायरवर धरली. ती खाली उतरेना. त्याने चाक थोडं फिरवून पुन्हा धरली, पुन्हा तेच.

"तेहतीसच्या वर चालत नाही," तो म्हणाला.

सायकलवाले मिस्त्री लेकीच्या सायकलीशेजारीच उभे होते. चिखलातल्या या सायक्लोक्रॉस शर्यतीत टायर तेहतीस मिलिमीटरपेक्षा रुंद नको, हे त्यांना का ठाऊक नव्हतं? आपल्या दुकानात येईल त्याला ते ऐकवायचे, छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, टायर रिमवर बसवा, हवा भरा, मग मापा. आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी मात्र छापील तेहतीस वाचून गप्प बसले.

आत ट्यूब शिवलेले, रिमला गोंदाने चिकटवायचे असले रुंद टायर हल्ली कुणी ठेवत नाही. ढीगभर दुकानं पालथी घातल्यावर ही जोडी एका बंद दुकानाच्या माळ्यावर सापडली, तेव्हा मिस्त्रींना आकाश ठेंगणं झालं. एकदा कॅलिपर लावून रुंदी मापून बघा, असं लेक म्हणालीही होती. तुझ्या जन्माआधीपासून टायर चिकटवतोय, आता तू मला शिकव, म्हणून ते हसले होते. रिम नवी, जरा जास्तच रुंद. तिच्यावर हवा भरताच टायर पसरला होता.

थोडी हवा सोडून पाहिली, तरी खाच अडलीच. जादा चाक आणलेलं नव्हतं, आणि दुसरा टायर चिकटवावा, तर गोंद सुकायलाच दिवस जातो. लेकीची या वयोगटातली ही शेवटची शर्यत होती. पहिल्या तिघींत आली असती, तर संघात गेली असती.

"मापायचं कोणी होतं?" पंचाने विचारलं.

भोवती सगळी मिस्त्रींना मानणारी माणसं उभी होती. मिस्त्री वाकून टायर चाचपू लागले.

"मी," लेक म्हणाली. "बाबांनी मापायला सांगितलं होतं. माझ्याकडून राहिलं."

घरात एवढा जाणकार असून ऐकायचं नाही म्हणजे काय, असं पंच तिला बरंच बोलला. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. मिस्त्रींनीही ऐकून घेतलं, आणि तेव्हाही ते गप्पच राहिले. या गप्प राहण्याची लाज त्यांना त्या चुकीपेक्षा जास्त वाटली.

शिट्टी झाली, बाकीच्या मुली सुटल्या. मिस्त्रींनी सायकल खांद्यावर घेतली आणि ते फाटकाकडे निघाले. लेक दोन पावलं मागे होती. तिच्याकडे वळून बघायची त्यांची हिंमत होईना. गालाजवळ नवा टायर हलत होता, चिखलाचा एक ठिपकाही न लागलेला.