मालकाचा रकाना

"प्रतिवादी क्रमांक एक हजर आहेत का?" कारकुनानं विचारलं आणि हिचं नाव वाचलं. पूर्ण नाव, मधे माझं, शेवटी आडनाव.

मी मागच्या बाकावर होतो. मुलाची सुनावणी म्हणून कामावरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो होतो. हिचं नाव इथे कशाला येतंय ते कळेना. कोणीच उठलं नाही तेव्हा मी उठलो.

"ती नाही," मी म्हणालो.

"कुठे आहेत?"

"वारली. एक्केचाळीस दिवस झाले."

कारकून कागदाकडे बघत राहिला. उंच टेबलामागे बसलेल्या अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "आपण कोण?"

"नवरा."

"आपल्या पत्नी या कंपनीच्या संचालक होत्या. पहिल्या दिवसापासून. सगळ्या कागदांवर त्यांच्या सह्या आहेत."

मला वाटलं, नावात गफलत झाली असेल. मी मुलाकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत वकिलाशेजारी बसला होता. त्यानं मागे वळून बघितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. काही फोडलं-सांडलं की लहानपणी असेच व्हायचे. तेव्हा मला कळलं की गफलत नाही. मी खाली बसलो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. एकतीस वर्षं हेच करतोय. ही वाचनालयात होती, पुस्तकांची कार्डं लिहायची. लेखकाचं आडनाव आधी, मग नाव, मग पुस्तक, छापणारा कोण, साल कुठलं. पुढे वाचनालयात संगणक आला आणि त्यांनी हिला घरी बसवलं. कार्डांचे खण रद्दीत गेले. ही चार दिवस नीट जेवली नाही, मग पाचव्या दिवशी उठून घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली. मी चेष्टा केली, "अहो बाई, मीठ मला चवीनं कळतं." ती म्हणाली, "नाव चुकलं की वस्तू असून नसल्यासारखी."

मुलगा सतरा वर्षांचा असताना स्वयंपाकघराच्या टेबलावर माझ्यापुढे एक कागद ठेवून उभा राहिला होता.

"बाबा, इथे सही पाहिजे. मला अठरा पूर्ण नाहीत."

"कशावर?"

"कंपनीवर."

"कोणाच्या?"

"माझ्या."

मी हसलो. "उठल्यावर चादरीची घडी घालत नाहीस आणि म्हणे कंपनी! करणार काय कंपनीत?"

त्यानं सांगितलं. त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला होता, नाव 'शेजार'. तुमच्या संगणकात जी गाणी असतील ती दुसऱ्याला घेता येतात, दुसऱ्याची तुम्हाला. मधे दुकान नाही, गोदाम नाही. वाटीभर साखर मागावी तसं.

"साखर दिली की माझ्या डब्यातली कमी होते," मी म्हणालो. "इथे?"

"इथे कमी होत नाही. तीच तर गंमत आहे!"

"म्हणजे एकानं विकत घ्यायचं आणि गावानं फुकट ऐकायचं. मग गाणाऱ्यानं काय हवा खायची?"

"बाबा, तुम्हाला कळत नाहीये."

"चांगलं कळतंय. दुसऱ्याच्या मालावर माझी सही मिळणार नाही."

ही ओट्यापाशी भाजी चिरत होती. म्हणाली, "अहो, ऐकून तरी घ्या त्याचं."

"ऐकलं की."

ती परत भाजी चिरायला लागली. पंधरा दिवसांनी कंपनी सुरू झाली. मला वाटलं, कुठल्या तरी मित्राच्या बापानं सही केली असेल. मी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. आमच्या घरात अबोला नव्हता, पण त्या एका विषयावर सगळे चप्पल काढून चालायचे.

पाच वर्षांत मुलगा कुठल्या कुठे गेला. टायरच्या दुकानावरचा हॉल भाड्यानं घेतला, सात मुलं कामाला ठेवली. वीस लाख शेजारी झाले म्हणे. एका मासिकानं मुखपृष्ठावर त्याचा फोटो छापला. हिनं इस्त्री करून दिलेलाच शर्ट, पण बाही दुमडलेली. आमच्या इमारतीचा रखवालदार मला म्हणाला, "साहेब, तुमचे चिरंजीव मोठे झाले, माझ्या भाच्याचं बघा काहीतरी." मी म्हटलं, "मला अजून घराची किल्ली नीट सापडत नाही, मी कुठून बघू?" पण ते मासिक मी हत्यारांच्या पिशवीत आठवडाभर घेऊन फिरलो, हेही खरं.

त्याच्या हॉलवर मी एकदाच गेलो. त्यांची लिफ्ट अडकली होती आणि त्याचा फोन आला. दरवाजाची कडी झिजली होती, वीस मिनिटांचं काम. मग पाणी प्यायला वर गेलो. मुलं म्हणाली, "काका, बसा ना." मी उभ्यानंच विचारलं, "असले प्रोग्रॅम अजून चार जणांनी काढलेत ना? मग लोक तुझ्याकडे का येतात?"

"आपली यादी चांगली आहे," तो म्हणाला. "त्यांच्याकडेही गाणी आहेत, पण सापडत नाहीत. एकच गाणं लोक सात नावांनी ठेवतात. आपल्याकडे पहिल्या झटक्यात मिळतं."

यादी कोण करतं, ते मी विचारलं नाही. पाणी प्यालो आणि उतरलो.

त्या दिवशी सुनावणीत ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

मुलाच्या कंपनीवर खटला भरणाऱ्या गाण्याच्या कंपन्यांनी एक तज्ज्ञ आणली होती. तिशीतली मुलगी, सर्दी झालेली, दर वाक्याला रुमाल लावायची. तिनं भिंतीवर यादी दाखवली. मी बाकावर पुढे सरकून बघितलं. गायकाचं आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, मग गाणं, साल. खाली 'हेही पाहा'. हिचं अक्षर नव्हतं, छापील होतं. पण हीच होती ती.

"अशा अडतीस हजार नोंदी आहेत," ती मुलगी म्हणाली. "सगळ्या एकाच खात्यातून केलेल्या. खात्याचं नाव 'वाचनालय'. वेळ बहुतेक दुपारी दोन ते पाच. सुट्टीच्या दिवशी एकही नाही."

सुट्टीच्या दिवशी मी घरी असतो.

"आणि हा शेवटचा रकाना बघा. 'मालक'. प्रत्येक गाण्यापुढे ते कोणत्या कंपनीचं आहे ते लिहिलंय. अचूक. आमच्या पक्षकारांच्या स्वतःच्या नोंदी एवढ्या नीट नाहीत." कोणीतरी हसलं. ती हसली नाही. "आम्हाला माहीत नव्हतं, असं या धंद्यातला प्रत्येक जण म्हणतो. यांना माहीत होतं. यांनी स्वतःच लिहून ठेवलंय."

म्हणजे असं झालं होतं. चोरी करणारा कधी मालाच्या मालकाचं नाव टिपून ठेवत नाही. पण कार्डावर छापणाऱ्याचा रकाना रिकामा सोडायचा नाही, ही हिची सवय. तिनं तो भरला. अडतीस हजार वेळा भरला, आणि त्यातच मुलगा अडकला.

"शेवटची नोंद अर्धी आहे," ती मुलगी म्हणाली आणि तारीख सांगितली. "तीन वाजून चाळीस मिनिटं. आडनाव आणि स्वल्पविराम. पुढे काही नाही. त्यानंतर हे खातं वापरलेलं दिसत नाही."

मी उभा राहिलो. का ते मला माहीत नाही. अधिकारी बाई म्हणाल्या, "काही सांगायचंय?"

"मी घरी आलो तेव्हा ती खुर्चीतच होती," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली. संगणक चालू होता. तो मीच बंद केला."

ती मुलगी रुमाल हातात धरून तशीच उभी राहिली. बाईंनी अर्ध्या तासाची सुट्टी जाहीर केली.

वकिलानं आम्हा दोघांना बाहेरच्या पायऱ्यांवर नेलं. त्याच्याकडे लिहिलेला कागद तयार होता.

"तुम्ही दुःखात आहात, पण नीट ऐका," तो मला म्हणाला. "गेलेल्या माणसावर खटला चालत नाही. संचालक त्या, यादी त्यांची, मालकाचा रकाना त्यांचा. मुलगा तेव्हा अल्पवयीन. सगळे निर्णय आई घेत होती, मुलगा सांगितलेलं करत होता, एवढं तुम्ही लिहून द्यायचं. घरातला माणूस म्हणून तुमच्या शब्दाला वजन आहे. हा सुटेल."

"आणि नाही दिलं तर?"

"दहा वर्षं हा धंदा बंद. तुरुंगही होऊ शकतो. बावीस वर्षांचा आहे हो तो."

मी मुलाला विचारलं, "तुला हे आधी माहीत होतं?"

"कालपासून."

"आणि?"

तो पायरीकडे बघत म्हणाला, "बाबा, करा ना सही. आई असती तर तिनंच सांगितलं असतं, माझ्यावर टाक म्हणून. तुम्हाला माहितेय."

मला माहीत होतं. तिनं तसंच सांगितलं असतं. त्याचाच मला धक्का बसला, की तो खोटं बोलत नव्हता.

"ती कधीपासून करत होती हे?"

"पहिल्या महिन्यापासून. मी एकदा घरी यादी उघडली होती. तिनं मागून बघितलं आणि म्हणाली, हा काय उकिरडा मांडलायस? उठ. आणि बसली."

"आणि मालकाचं कशाला लिहायची?"

"मी म्हटलं होतं तिला, नको लिहूस. तर म्हणाली, आज ना उद्या तुला त्यांचं त्यांना द्यावं लागेल, तेव्हा कोणाचं काय ते शोधत बसशील का? तुझे बाबा तेच म्हणत होते. माझ्याशी भांडताना नेहमी तुमची बाजू घ्यायची ती."

पाच वर्षं मला वाटत होतं, या घरात माझ्या बाजूला कोणी नाही.

"पेन आहे का?" मी वकिलाला विचारलं.

एकदा सही नाकारली होती, तेव्हा ती हिनं केली. आता नाकारायची तर कोण करणार? मी कागद गुडघ्यावर घेतला. वरती लिहिलं होतं: 'मृत महिलेने हेतुपुरस्सर व स्वतःच्या लाभासाठी'. स्वतःच्या लाभासाठी! हिनं त्या पाच वर्षांत एक चष्मा नवा केला होता. तरी मी पेन टेकवलं. नावाचं पहिलं अक्षर काढलंही.

मुलानं कागद ओढला. पेनाची रेघ खालपर्यंत गेली.

"काय झालं?" वकील म्हणाला.

मुलगा वाचत होता. मला वाटतं, तोवर त्यानं तो नीट वाचलाच नव्हता. ओठ हलत होते, शाळेत असताना हलायचे तसे. मग त्यानं कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, खिशात टाकला आणि पायऱ्या चढून आत गेला.

"अहो, थांबवा त्याला!" वकील मला म्हणाला.

मी थांबवलं नाही. मागे मात्र गेलो.

आत तो टेबलासमोर उभा राहून बोलला. प्रोग्रॅम माझा, निर्णय माझे, कंपनी माझी. सही मी आईकडून घेतली कारण माझं वय पूर्ण नव्हतं. गाणी कोणाची आहेत ते मला रोज दिसत होतं, आई ते माझ्यासमोर लिहीत होती. तिनं फक्त नावं सरळ केली.

"वकिलांशी बोललात का?" बाईंनी विचारलं.

"हो. त्यांना हे पसंत नाही."

तासाभरात निकाल सांगितला. तुरुंग टळला. दहा वर्षं असा कुठलाही धंदा काढायचा नाही, त्यात नोकरीही करायची नाही. 'शेजार' संध्याकाळपर्यंत बंद. यादी आणि तिच्या सगळ्या प्रती तज्ज्ञासमोर पुसून टाकायच्या.

"सगळी?" मुलानं विचारलं. तेवढा एकच प्रश्न त्यानं विचारला.

"सगळी," बाई म्हणाल्या.

ती सर्दी झालेली मुलगी खाली बघत वायर गुंडाळत होती.

निघताना कारकुनानं मला हाक मारली. प्रतिवादी मयत असल्यानं नाव कमी करायचा फॉर्म भरायचा होता. त्यानं बराचसा भरून ठेवला होता. "वाचा आणि सही करा," तो म्हणाला. मी वाचला. नाव बरोबर होतं, वय बरोबर, तारीख बरोबर. व्यवसायापुढे त्यानं 'गृहिणी' लिहिलं होतं.

"हे खोडा," मी म्हणालो.

"का? मग काय करायच्या त्या?"

मागे दोन माणसं कागद घेऊन उभी होती. मुलगा माझ्या कोपराला धरून हळूच म्हणाला, "बाबा, राहू द्या आता."

मी त्याचा हात सोडवला. टेबलापाशी एक खुर्ची होती ती ओढली, बसलो आणि कारकुनाला म्हणालो, "जागा थोडी कमी पडेल. लिहा."