बाजूच्या सीटवरचा ब्रेक

मास्तरांच्या शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा बाजूच्या सीटवर बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशी. शिकणारं पोर घाबरायच्या आधीच मास्तरांचा पाय खाली गेलेला असे, म्हणून मुलं पाठीमागे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. बायको तर म्हणे, "अहो, जेवताना तरी टेबलाखाली ब्रेक दाबू नका. माझ्या पायाचा पार चेंदा होतो."

गाडीत ते फार बोलत नसत. 'थांब', 'बघ', 'निघ', संपलं. नवशिक्याच्या डोक्यात आधीच एवढा गोंधळ असतो, त्यात आपली वाक्यं कशाला कोंबायची, असं त्यांचं म्हणणं. थोड्याच दिवसांत मुलांचे पाय त्या शब्दांवर आपोआप हलू लागत. त्यांची लेकही तशीच शिकली. लायसन्स मिळून वर्षही झालं नव्हतं, तोच तिला इस्पितळाच्या गाडीवर नोकरी लागली. डायलिसिसच्या पेशंटना घरून आणायचं आणि परत नेऊन सोडायचं. पेशंट म्हातारे, कुरकुरे, पण हिच्यावर खूश. "तुझ्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही बाई," असं एक आजी म्हणाल्याचं तिनं घरी येऊन चारदा सांगितलं होतं.

मग ती सकाळ आली. मास्तरांना नव्या लायसन्सवाल्यांचा वर्ग घ्यायचा होता आणि चष्मा शोधण्यात उशीर झाला होता. लेक घरच्या गाडीतून त्यांना सोडायला निघाली. चौकात सिग्नल पिवळा झाला. लेकीनं वेग कमी केला. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "निघ."

पाय त्या शब्दावरच शिकलेला. तो निघाला. गाडी पांढरी रेषा ओलांडायच्या आतच दिवा लाल झाला आणि खांबावरच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. मास्तरांचा पायही खाली गेला होता, पण घरच्या गाडीत तिथे ब्रेक नव्हता. नुसती चटई होती.

जुन्या लायसन्सवाल्यानं सिग्नल तोडला तर दंड. लायसन्स मिळून दोन वर्षं व्हायच्या आत तोडला तर सहा महिने लायसन्स बंद. मास्तरांना हा नियम तोंडपाठ होता. तो व्हावा म्हणून भरसभेत उभे राहून बोलणाऱ्यांत तेही होते. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं शिकून बाहेर पडल्या पडल्या एका सायकलवाल्याला उडवलं होतं. मास्तर त्या माणसाला बघायला गेले होते, त्याचा प्लास्टरमधला पाय त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. "नवशिक्याला जरब हवीच," असं सभेत ते म्हणाले होते आणि टाळ्या पडल्या होत्या.

"जरब हवी, कबूल," बायको आता म्हणाली. "पण तेच पोरीनं केलं तर सहा महिने, आणि मी केलं तर पैसे भरून मोकळी? गाडी काय समोरच्याला लायसन्सचं वय सांगून आदळते?"

मास्तरांनी चहात आणखी साखर घातली. आधीच घातलेली होती.

नियमात एक सोय होती. सुनावणीत सबळ कारण पटलं तर अधिकारी ताकीद देऊन सोडू शकत असे. इस्पितळानंही तोवर थांबायचं कबूल केलं होतं. लायसन्स राहिलं तर नोकरी राहील, नाहीतर दुसरा माणूस बघू.

"बाबा, तुम्ही या हं बरोबर," लेक म्हणाली. तेवढंच. 'तुम्हीच निघ म्हणालात' हे ती कुणाजवळही बोलली नव्हती, आईजवळसुद्धा नाही. मास्तरांनी मनात वाक्य जुळवून ठेवलं: मी तिला निघ म्हणालो, चूक माझी. लहान वाक्य होतं. त्यांच्याच पद्धतीचं.

कार्यालयाच्या बाहेर बाकांवर तरुण मुलंमुली ओळीनं बसली होती. कुणी नखं खात होतं, कुणी बापाची बोलणी खात होतं. आत टेबलामागचा अधिकारी मास्तरांना पाहताच खुर्चीतून उठला.

"सर, तुम्ही! या ना. माझी गाडी भिंतीवर जाताना तुम्हीच ब्रेक मारला होतात, आठवतं?" मग तो दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "बघा रे, ज्यांच्यामुळे आज मी धड चालवतोय ते हे."

बाहेरची पोरं आत डोकावू लागली. मास्तर हसले. आणि ते हसू चेहऱ्यावर असतानाच प्रश्न आला.

"सर, तुम्ही गाडीत होतात. हिला काही म्हणालात का? की हिनं आपणहूनच गाडी काढली?"

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"मी..." मास्तर म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं. मी घड्याळ बघत होतो."

त्यातलं घड्याळ खरं होतं.

अधिकाऱ्यानं लेकीला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

"नाही," ती म्हणाली. तिची मान सरळ होती. मास्तरांची नव्हती. अधिकाऱ्यानं कागदावर सहा महिन्यांच्या बंदीचा शिक्का मारला.

लेक पुढे होऊन जिना उतरली. खाली येऊन तिनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "तुम्हीच चालवा आता. मला बंदी आहे." स्वर साधाच होता, टोमणासुद्धा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

मास्तर निघाले. पुढच्या वळणावर सिग्नल पिवळा झाला. ते थांबणारच होते, पाय उचललाही होता. पण तेवढ्यात त्यांची नजर बाजूला गेली. लेकीचा पाय खालच्या चटईवर गच्च दाबलेला होता.

मास्तर थांबले. दिवा हिरवा झाला तरी थांबूनच राहिले. मागचे हॉर्न वाजवू लागले. आजवर कितीतरी पोरांच्या बाजूला बसून त्यांनी तसा पाय दाबला होता. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्या बाजूला बसलं की तो आपोआप दाबला जातो.

"निघा ना बाबा," ती म्हणाली.

ते निघाले, पण घराकडे नाही. गाडी वळवून पुन्हा कार्यालयापाशी आणली.

अधिकाऱ्यापुढे या वेळी ते बसले नाहीत. "मी खोटं बोललो," ते म्हणाले. "ती थांबत होती. मी निघ म्हणालो. माझ्या शब्दावर पाय हलवायला मीच तिला शिकवलंय."

अधिकाऱ्यानं पेनाचं टोपण लावलं. "सर, हेच मघाशी बोलला असतात तर ताकीद देऊन सोडलं असतं. आता निर्णय दिलाय. पुन्हा अर्ज, तुमचा जबाब, मग वरचे साहेब ठरवतील. काय होईल सांगता येत नाही."

मास्तरांनी खिशातून आपलं लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. "तोवर हे ठेवून घ्या. सहा महिने."

"नाही घेता येत, सर." अधिकाऱ्यानं ते हलकेच परत सरकवलं. त्याची नजर वर आली नाही. "तुम्ही चालवत नव्हतात. आणि चालवत असतात तरी तुमच्या जुन्या लायसन्सला तसा नियम नाही. तो नव्यांसाठी आहे."

मास्तरांना उत्तर ठाऊक होतं. भरसभेत टाळ्या घेत त्यांनीच तो नियम मागितला होता. लायसन्स उचलून परत खिशात घालायला त्यांना फार वेळ लागला.

"जबाब कुठे द्यायचा?"

"बाहेर. पण रांग आहे, सर. तुम्ही म्हणत असाल तर मी आधी—"

"नको."

दारात लेक उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्यांना वाट द्यायला बाजूला झाली.

बाहेर बाकावरचा एक मुलगा त्यांना पाहून पटकन उठला. मघाशी दारातून डोकावणाऱ्यांतलाच तो. "काका, बसा ना इथे."

"तू बस," मास्तर म्हणाले. "तुझा नंबर माझ्या आधी आहे." आणि त्या सगळ्या पोरांच्या मागे, भिंतीशी, रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.