न झिजलेली पट्टी

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझा भाता थकला आहे, आवाज लांबवर जात नाही. पण जवळ आलात तर एका स्वराची गोष्ट सांगेन. तो स्वर माझ्या पोटात शाबूत होता, कुणी वाजवला नाही, आणि तरी एका मुलीचं सगळं शिक्षण त्याच्यापाशी येऊन अडलं.

मी गोव्यातल्या हळर्णच्या देवळातली एक जुनी बाजाची पेटी आहे. सावंतवाडीकडच्या एका कारागिराने माझं सागवानी अंग घडवलं, आत पितळेचे सूर बसवले आणि भाता हलवून पाहिला. तो माझा पहिला श्वास. त्याला नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा वास होता. पुढे हळर्णला आले आणि माझ्या श्वासाला ओवळांच्या म्हणजे बकुळीच्या माळांचा, उदबत्तीचा, बुक्क्याचा वास लागला. अजून डोळा लागला की तोच वास येतो आणि कुठूनतरी झांज वाजते.

श्रावणात देवळात कृष्णनाथबुवांचं कीर्तन असे. पूर्वरंगात बुवा उपदेश करत. मग त्यांच्या गळ्यात हार पडे, सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लागे, आणि उत्तररंगात आख्यान उभं राही. सुदामा पोह्यांची पुरचुंडी घेऊन द्वारकेच्या वाटेला लागला की पुढे बसलेल्या बाया पदराने डोळे पुसत. माझ्यामागे बसे नारायण, बुवांचा लहानपणचा सोबती. आठवडाभर तो डिचोलीकडे खाणीवर कामाला जाई आणि कीर्तनाला आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून येई. त्याच्या नखांतला मातीचा तांबडेपणा मात्र कधी गेला नाही. ती बोटं माझ्या पट्ट्यांवर अशी चालत, जशी भरतीच्या पाण्यावर होडी.

मग एका वर्षी नारायण बरेच महिने दिसला नाही. आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती. खाणीवरच्या यंत्राने नेली होती.

तरी तो पेटीवर बसला. सुदाम्याचं पद सुरू झालं. सा रे ग म प ध, इथवर उरलेली बोटं कशीबशी धावली; पण नी दूर राहिला. तिथवर हात न्यावा तर ताल हातातून निसटत होता. नारायणाच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात बुवांनी काय केलं माहीत आहे? बाळपणापासून घोटलेली चाल त्यांनी धैवतावरून हळूच वळवली आणि नीला न शिवता थेट घरी, ‘सा’वर आणली. लोकांना वाटलं, बुवांनी नवी चाल काढली. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून बुवांनी कुठल्याच पदात नी घेतला नाही. नारायणाजवळ त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही. माझ्या पट्ट्या त्याच वर्षी नव्या बसवल्या होत्या; बाकीच्यांना पुढे बोटांचे खळगे पडले. नीची पट्टी नव्या नवरीसारखी गुळगुळीत राहिली.

पुढे नारायण गेला. बुवांचे गुडघे दुखू लागले. देवळात विजेवरची पेटी आली आणि मी कोठीत गेले, सतरंज्यांच्या आणि पालखीच्या दांड्यांच्या सोबतीला. मी झोपत होते, स्वप्न पाहत होते. स्वप्नात बुवा गात आणि मी श्वास घेत असे.

इथवर पूर्वरंग झाला, मित्रांनो. बुक्का लागला असं समजा आणि आता आख्यान ऐका.

एका सकाळी कोठीचं दार उघडलं. उजेडात एक मुलगी उभी होती. सर्वण गावची सेजल. संगीतात संशोधनातून एम.ए. करत होती. या पदवीला रोजचे वर्ग नसतात. एकच विषय घ्यायचा, त्याच्यामागे गावोगाव हिंडायचं आणि प्रबंध लिहून परीक्षकांपुढे उभं राहायचं. तिचा विषय होता पेडणे आणि डिचोलीतली कीर्तनाची पदं. तिने ओढणीने माझी धूळ पुसली, भाता हलवला, आणि इतक्या वर्षांनी मी खोकले. ती हसली. तेव्हापासून ती माझी झाली.

मला घेऊन ती बुवांच्या पडवीत बसे, त्यांच्याकडून पदं शिके. एकदा एकदम ओरडली, “बुवानू, ही पट्टी बघा! बाकीच्यांना खळगे आणि ही कोरी! तुमच्या परंपरेत नी वर्ज्य आहे ना?”

बुवा सुपारी कातरत होते. “तुमच्या शाळेत काय म्हणतत?”

“शाळा नव्हे हो, विद्यापीठ. संशोधन करतेय मी.”

“तांच तां. म्हातारपणी माझां संशोधन करूक लागलंस! जन्मपत्रिका पण घेऊन जा मगे.”

आणि त्यांनी सुपारी तोंडात टाकली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पेटी दुसऱ्याच्या हातानेच बोलते.

सेजलने लिहिलं की नी वगळणं ही इथली फार जुनी गायकी आहे, आणि माझी पट्टी तिचा पुरावा. चर्चासत्रात तिने ते वाचलं, टाळ्या पडल्या. तिच्या मार्गदर्शक विनोदिनीबाई म्हणाल्या, “हाच तुझ्या प्रबंधाचा कणा.” आता फक्त माझ्या वादकाचा, नारायणाचा एक फोटो हवा होता. म्हणून मला रिक्षात घालून ती नदीकाठच्या चोपडे गावाला निघाली, नारायणाच्या लेकीकडे.

सुशीला दारात बसून तिसऱ्यो, नदीतल्या शिंपल्या, धूत होती आणि सुदाम्याचं पद गुणगुणत होती. तेही नीशिवाय. मला पाहताच ओले हात पदराला पुसत धावली. “अगे माझ्या बाये! ही बाबांची पेटी!” आणि बोलता बोलता तिने बापाच्या बोटांची गोष्ट सांगितली.

सेजलचा चेहरा उतरला. “म्हणजे नी सोडणं ही परंपरा नाही?”

“कसली परंपरा गो! कीर्तनासून इले की जेवताना बाबा म्हणायचे, ‘आयज पण कृष्णनाथान माझ्यासाठी नी गिळलो.’”

“त्यांना माहीत होतं?”

“पेटीवाल्याक कळूचा नाय? पण बुवांक सांगूक दिला नाय. म्हणायचे, तेका वाटांदे, माका कळूक नाय.”

मित्रांनो, त्या क्षणी मला कुणी हात लावला नव्हता, तरी माझ्या भात्यातून वारा सुटला. इतकी वर्षं मी बुवा आणि नारायण यांच्या मधोमध बसले होते, आणि हे मलाही ठाऊक नव्हतं.

सेजल नदीकाठी बराच वेळ बसून राहिली. प्रबंध द्यायचे दिवस जवळ आले होते. तोंड मिटून बसली असती तर कुणाला कळलं नसतं. शेवटी तिने फोन लावला. “बाई, माझा कणाच मोडला.”

विनोदिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ती सुशीला पेटी नसताना गात होती, तेव्हा नी घेतला तिने?”

“नाही.”

“मग कुणाच्या तरी मायेतून एक चाल जन्मली आणि घराघरांत गेली, हे कमी आहे? जुनं प्रकरण खोड. मुदतीचं मी बघते. पण बुवांना विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नकोस.”

सेजलने पडवीत येऊन सगळं सांगितलं तेव्हा बुवांचं सुपारी कातरणं थांबलं. “नारायण म्हणालो? गिळलो म्हणालो?”

“हो बुवानू.”

ते आधी हसले. खूप हसले. मग उपरणं डोळ्यांना लावलं ते लवकर काढलंच नाही. “लुच्चो! इतकी वर्सां माका फसवल्यान!” मग नाक पुसून म्हणाले, “लिही गो बाय. पण तेचां नाव आधी, माझां मागसून.”

सेजलने तसंच लिहिलं. परीक्षकांनी तिला खूप प्रश्न विचारले, आणि पदवी दिली.

त्या श्रावणात बुवा पुन्हा गादीवर उभे राहिले, एका हाताने खांब धरून. मला कोठीतून बाहेर काढून पुसलं होतं. माझ्यामागे सेजल बसली होती, पुढे चोपड्याहून आलेली सुशीला. सुदामा द्वारकेच्या वाटेला लागला. पद धैवतावर आलं. सेजलची पाचही बोटं शाबूत होती, तिचं बोट माझ्या त्या कोऱ्या पट्टीवर आलं. बुवांनी तिच्याकडे पाहिलं.

तिने बोट उचललं.

आणि सगळं देऊळ, बुवा, सुशीला, मागच्या भिंतीला टेकलेली माणसं, नीला न शिवता एकदम ‘सा’वर येऊन पोहोचलं. त्या गाळलेल्या जागेत मला धुतलेल्या सदऱ्याचा वास आला.

मित्रांनो, तुमच्या देवळात, शाळेत एखादी जुनी पेटी पडली असेल तर तिची धूळ पुसा, अधूनमधून तिला श्वास द्या. तिच्या पट्ट्या नीट बघा, झिजलेल्या आणि न झिजलेल्याही. आणि कधी कीर्तनाला बसलात, सुदाम्याचं पद ऐकलंत, तर ध आणि सा यांच्यामध्ये क्षणभर थांबून आमच्या नारायणाची आठवण काढा. तो तिथेच बसलेला असतो.