पाहुण्यांचा संडास

गल्लीत त्यांना कुलूपकाकू म्हणायचे, अर्थात त्यांच्या माघारी. साखरेच्या डब्याला कुलूप, कपाटाला कुलूप आणि परसातल्या संडासालाही कुलूपच. पांढऱ्याशुभ्र फरशीचा तो संडास घरच्यांसाठी नव्हताच मुळी. लेकीच्या सासूबाई वर्षातून दोनदा शहरातून यायच्या, त्यांच्यासाठी तो राखून ठेवला होता. घरची माणसं आपली टमरेल घेऊन ओढ्यावर. रोज वापरला तर त्याची रया जाईल, असं काकूंचं म्हणणं, आणि त्यापुढे ब्र काढायची घरात कुणाची टाप नव्हती.

गावात जुलाब-उलट्यांची साथ आली तेव्हा नर्सबाई वही घेऊन दारोदार फिरल्या. पाणी उकळता का? संडास वापरता का? काकूंनी कमरेची किल्ली काढून मोठ्या ऐटीत दार उघडलं.

"बघा, कसा आरशासारखा आहे."

"वापरता ना सगळे?"

"म्हणजे काय! पाणीसुद्धा उकळूनच पितो आम्ही."

साबणाच्या वडीवर अजून दुकानातला कागद होता. नर्सबाईंनी तो पाहिला, पण वहीत 'हो' लिहिलं.

"काकू, काही सांगायचं राहिलं असेल तर शाळेत दवाखाना मांडलाय, मी तिथेच आहे," एवढं म्हणून त्या पुढच्या घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी सूनबाईला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले, आवाज बसला, बोटं पाण्यात भिजल्यागत सुरकुतली. मुलगा ट्रक घेऊन परगावी गेलेला. काकूंनीच शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला शाळेत आणलं. तिथे वर्गावर्गांतून सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या होत्या.

"आई, पाणी," सून पुटपुटली. काकू तिच्या उशाशी बसून चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजू लागल्या. ही पोर हातची जाणार, या भीतीने त्या तिथून हलेनात.

शेजारच्या टेबलावर नर्सबाई वही उलटीपालटी करत होत्या. "सव्वीस माणसं आजारी. आणि वहीत बघावं तर या गावाइतकं स्वच्छ गाव नाही. आता साथीचं मूळ मी शोधू तरी कुठे?"

काकूंनी चमचा खाली ठेवला.

"बाई, आमच्यापुढचं खोडा. आम्ही ओढ्यावर जातो. विहिरीच्या वरच्या अंगाला, अख्खी गल्ली तिथेच जाते. पाणीही उकळत नाही, जळण पुरत नाही म्हणून. संडास पाहुण्यांसाठी ठेवलाय मी."

नर्सबाई रागावल्या नाहीत. शांतपणे त्यांनी जुनं खोडलं, नवं लिहिलं आणि पलीकडच्या बाईकडे वळल्या. "तुमचं काय?"

"आमच्या संडासात सरपण भरलंय," ती म्हणाली.

"आमच्यात कोंबड्या," दारातून एक म्हातारा म्हणाला, आणि एवढ्या दुखण्यातही दोघीतिघी हसल्या.

त्याच दुपारी विहीर बंद करून तिच्यात औषध टाकलं, प्यायला टँकर आला. चार दिवसांनी नवा रोगी येणं थांबलं. सून त्याआधीच उठून बसली होती. काकूंना वाटे, बाई चारचौघांत ओरडल्या असत्या तर आपण खोटंच धरून बसलो असतो आणि पोर गेली असती. त्यांचे उपकार कसे फेडावेत, तेच त्यांना कळेना. निघताना त्यांनी बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले आणि नुसत्या रडल्या.

घरी येताच काकूंनी संडासाचं कुलूप काढून कोनाड्यात फेकलं.

"आई, फरशी खराब होईल," सून दबकत म्हणाली.

"होऊ दे. फरशी दुसरी बसवता येते."

महिन्याभराने विहीणबाई आल्या. खांद्यावर टॉवेल टाकून परसात गेल्या आणि तशाच परत आल्या.

"दार उघडत नाही. किल्ली देता का?"

"किल्ली नाही हो आता. आत सून आहे माझी," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. तिचं होईस्तोवर आमच्या नर्सबाईंची गोष्ट सांगते."